नदी सुरय आणि मलबारी राखी धनेश सारखेच धोक्यात आहेत का?

कागलच्या एका शिक्षिकांनी विचारलेला प्रश्न असा आहे. नववीच्या मुलांबरोबर त्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या धोक्यात आलेल्या पक्ष्यांचा तक्ता करत होत्या. कळंबा आणि रंकाळा तलावांवर, पंचगंगेवर मुलांनी पाहिलेला नदी सुरय आणि दाजीपूरच्या सहलीत ऐकलेला मलबारी राखी धनेश हे दोघेही आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत एकाच गटात निघाले: 'व्हल्नरेबल', म्हणजे असुरक्षित. एक पाण्यावर जगणारा, दुसरा झाडावर. नात्याने दूरचेसुद्धा नाहीत. मग दोघांना धोका सारखाच आहे का? आणि शाळेने एकासाठीच काही करायचं ठरवलं तर आधी कोणासाठी?

मॅडम, थेट उत्तर आधी देतो. धोका सारखा नाही. घटीचा वेग एका गटात बसण्याइतका जवळ आहे, पण कारणं वेगळी आहेत आणि झालेलं नुकसान भरून यायला लागणारा काळ तर फारच वेगळा आहे. सुरयाचं नुकसान मुख्यतः मार्च ते मे या दिवसांत, जमिनीवर, उघड्यावर होतं. तेवढे महिने नीट सांभाळले तर काही वर्षांत फरक दिसू शकतो. धनेशाचं नुकसान एका जुन्या झाडाच्या तोडीबरोबर होतं, आणि तसं झाड पुन्हा उभं राहायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. मुलांच्या तक्त्यात गटाच्या नावाशेजारी हा काळाचा रकाना जरूर घाला.

आता ही यादी काय मोजते ते पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. लाल यादी १९६४ पासून आहे आणि तिच्यातलं पक्ष्यांचं मूल्यांकन बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था करते. असुरक्षित या गटात शिरायला अनेक दारं आहेत. दहा वर्षांत किंवा त्या पक्ष्याच्या तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ३० टक्के किंवा जास्त घटली किंवा तशी घटेल असं दिसलं, हे एक दार. वावराचा प्रदेश २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असून तो तुकड्यातुकड्यांत विभागत आणि खालावत चालला असेल, हे दुसरं. जगात प्रौढ पक्षी १,००० पेक्षा कमी उरले असतील, हे आणखी एक. आपले दोघेही २०२० मध्ये या गटात आले, आणि मुख्यतः पहिल्या दारातून, म्हणजे घटीमुळे आले. त्याआधी सुरय एक पायरी वर, 'संकटाच्या जवळ' या गटात होता. धनेश मात्र 'चिंता नाही' या गटात होता आणि एकदम दोन पायऱ्या खाली आला. याचं एक मोठं कारण म्हणजे भारतातल्या हजारो हौशी निरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षं टाकलेल्या याद्या. त्यांच्यावरून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२० च्या फेब्रुवारीत निघाला आणि फक्त सह्याद्रीत राहणाऱ्या पक्ष्यांची घट त्यात पहिल्यांदा इतकी स्पष्ट दिसली. मुलांना हे मुद्दाम सांगा. घराजवळच्या तळ्यावर बसून केलेली यादी कुठवर पोचते, याचं हे उदाहरण त्यांच्याच जिल्ह्यातल्या पक्ष्याचं आहे.

म्हणजे यादीतला गट घटीचं माप सांगतो. घट कशाने झाली आणि उलटवता येईल का, हे त्यातून कळत नाही. दोन सातबाऱ्यांवर सारख्याच रकमेचा बोजा असतो, पण एकाचं पीककर्ज असतं, ते एका चांगल्या हंगामात फिटतं. दुसऱ्याने जमीनच गहाण टाकलेली असते. सुरय पहिल्या शेतकऱ्याच्या जागी आहे, धनेश दुसऱ्याच्या.

नात्याबद्दल थोडक्यात. सुरय हा कुरवांच्या, म्हणजे इंग्रजीत ज्यांना गल म्हणतात त्यांच्या कुळातला, आणि हे कुळ ज्या मोठ्या गणात मोडतं त्यातच आपली टिटवी येते. उघड्या जमिनीवर चार खडे आणि अंडी, ही टिटवीची रीत सुरयातही आहे. धनेशाचा जवळचा नातलग म्हणजे हुदहुद. तोही ढोलीत घरटं करतो आणि त्याचीही मादी ढोलीत बसून अंडी उबवते, नर बाहेरून खाणं आणून देतो. टिटवी आणि हुदहुद दोन्ही मुलांच्या ओळखीचे आहेत, तेव्हा दोन कुळांतला फरक तिथून समजावणं सोपं जाईल.

ओळख पक्की करणं मात्र गरजेचं आहे, कारण चुकीच्या पक्ष्याची नोंद झाली तर पुढचं सगळं वाया जातं. नदी सुरयाची चोच जाड आणि पिवळीधमक असते, पाय लाल, विणीच्या काळात डोक्यावर काळी टोपी आणि शेपटीला दोन लांब टोकं. हिवाळ्यात आपल्या तलावांवर येणारे छोटे सुरय वेगळे; त्यांची शेपटी आखूड, चोच गडद आणि उडणं फुलपाखरासारखं हलकं असतं, त्यांची काळजी करण्याचं कारण नाही. काळ्या पोटाचा सुरय हा आणखी वेगळा. त्याची अवस्था नदी सुरयापेक्षा पुष्कळ वाईट आहे, म्हणून तो दिसलाच तर फोटो घेऊन नोंद करा.

धनेशांत गोंधळ जास्त होतो. पुण्यासारख्या शहरात वडा-उंबरावर बसणारा साधा राखी धनेश वेगळा. त्याच्या चोचीवर लहान टोकदार शिंग असतं, रंग फिकट राखाडी असतो आणि तो 'चिंता नाही' गटातच आहे. मलबारी राखी धनेशाच्या चोचीवर शिंग नसतं, रंग गडद असतो, डोळ्यावर रुंद पांढरी भुवई आणि मानेवर पांढुरक्या रेघा असतात. तो फक्त सह्याद्रीत राहतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. दाजीपूरला मुलांनी जो कुत्सित हसल्यासारखा, चढत जाणारा आवाज ऐकला असेल, तो याचाच. ज्याला आपल्याकडे गरुड म्हणतात तो महाधनेश आणि कोकणातला ककणेर हे आणखी दोघे. त्यांना या उत्तरात आणत नाही, पण ढोलीविषयी पुढे जे लिहितो ते त्यांनाही लागू पडतं.

आता सुरय. माझ्या मते कोल्हापूरकरांनी ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त समजून घ्यावं असा हा पक्षी आहे, कारण त्याचं सुखदुःख आपल्या नद्या आपण कशा वापरतो याच्याशी बांधलेलं आहे. तो स्थलांतर करून दूर जात नाही. बारा महिने नदी, तलाव, धरण एवढ्यातच फिरतो. मुख्य खाणं मासे. वरून झेप घेऊन पकडलेले, बोटभर लांबीचे. वीण फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत. घरटं म्हणजे वाळूत किंवा गोट्यांत पोटाने केलेला खळगा. त्यात दोन-तीन अंडी, ठिपक्याठिपक्यांची, गोट्यांत मिसळून जाणारी. उबवायला सुमारे तीन आठवडे लागतात आणि त्यानंतर पिल्लं उडायला लागेपर्यंत आणखी काही आठवडे. ते वसाहतीने अंडी घालतात, म्हणजे एकाच उंचवट्यावर अनेक जोड्या. यात फायदा असा की घार किंवा कावळा आला की सगळे मिळून तुटून पडतात. तोटा असा की एक कुत्रं तिथवर पोचलं तर एका रात्रीत सगळी वसाहत जाते.

म्हणून सुरयाला जागा अशी लागते जी उघडी आहे, पाण्याने वेढलेली आहे आणि निदान दीड-दोन महिने तशीच राहणार आहे. मोकळ्या नदीत अशी जागा उन्हाळ्यात आपोआप तयार होते. पाणी उतरतं, पात्राच्या मधोमध वाळूचे आणि गोट्यांचे पट्टे उघडे पडतात आणि दोन्ही बाजूंनी धार वाहत राहते. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन चिखलीच्या प्रयागाजवळ पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या सगळ्या प्रवाहांवर आज कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या बसवायच्या आणि जूनच्या आत काढायच्या, ही त्यांची रीत. मधल्या सगळ्या महिन्यांत एका बंधाऱ्याचा फुगवटा मागे पुढच्या बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत पोचतो. त्यामुळे एप्रिलमध्ये जिथे पट्टा उघडा पडायला हवा तिथे दहा-बारा फूट पाणी उभं असतं. बंधाऱ्यांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. उपसा सिंचनावर उभा असलेला ऊस आणि गावोगावची नळपाणी योजना त्या पाण्यावर आहे. पण सुरयाची घरटी मुख्य नदीत का दिसत नाहीत, याचं पहिलं कारण हे आहे आणि ते मुलांना कळायला हवं.

जिथे पट्टा उघडा पडतो तिथे दुसरी अडचण येते. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की खालच्या पात्रात पाणी एका रात्रीत फूट-दोन फूट चढतं. माणसाला ते जाणवतही नाही. अंडी मात्र पाण्यात जातात. वीण लवकरची असेल तर जोडी पुन्हा अंडी घालते, पण मग पिल्लांचे दिवस मेच्या शेवटाकडे सरकतात आणि तेव्हा वळवाचा पाऊस उभा असतो. गारांसह आलेल्या एका वळवाने उघड्यावरची पिल्लं गारठून मरतात. त्यात वाळूचा उपसा. यंत्राने पात्र खरवडलं की पट्टाच उरत नाही, पुढच्या वर्षीही नाही.

याच्या उलट, आपली धरणं काही प्रमाणात सुरयाच्या उपयोगी पडतात, आणि हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. राजर्षी शाहूंनी पाया घातलेलं राधानगरी असो, दूधगंगेवरचं काळम्मावाडी असो की भुदरगडातलं पाटगाव, जानेवारीनंतर पाणी उतरायला लागलं की बुडालेल्या टेकड्यांचे माथे बेटांसारखे वर येतात. खडकाळ, उघडे, चारी बाजूंनी पाणी. सुरय असे माथे वापरतो. कर्नाटकात भद्रा धरणाच्या जलाशयात अशाच बेटांवर उन्हाळ्यात हजारो नदी सुरय जमतात आणि वीण करतात. भद्रेचं पाणी तुंगभद्रेतून कृष्णेला जातं, म्हणजे ते खोरं आपलंच आहे. तिथे जे घडतं त्याला मुख्य आधार दोन गोष्टींचा: बेटं विणीच्या काळात किनाऱ्यापासून तुटलेली राहतात, आणि आजूबाजूचं रान व्याघ्र प्रकल्पाच्या ताब्यात असल्याने तिथे माणूस-जनावर फिरत नाही.

आपल्याकडे अडतं ते इथेच. एप्रिलच्या मध्यावर पाणी आणखी खाली गेलं की बेट किनाऱ्याला जोडलं जातं. पाण्याची चिंचोळी पट्टी उरली तरी कुत्री ती ओलांडतात. मोकळ्या झालेल्या गाळावर गाळपेर होते, म्हशी चरायला येतात, मासेमारीचा मुक्काम पडतो. कोणाच्या मनात वाईट नसतं. अंडी दिसतच नाहीत, पायाखाली जातात. आणि हौशी फोटोवाल्यांबद्दलही लिहायलाच हवं. भर उन्हात खडक पोळत असताना सुरय अंड्यांवर ऊब देण्यासाठी बसलेला नसतो, तो सावली धरून असतो. मधेच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि अंडी गार करतो. आपण बेटावर पाय ठेवला की सगळे उठतात, डोक्यावर ओरडत फिरतात, फोटो सुंदर येतात, आणि तेवढ्या मिनिटांत अंड्यातला जीव उन्हाने मरतो.

खाण्याचा प्रश्नही आहे. उन्हाळ्यात पंचगंगेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांना नव्या नाहीत. सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी साचलेल्या प्रवाहात आलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि हे नेमकं पिल्लं भरवण्याच्या दिवसांत होतं. तलावावर केंदाळ पसरलं तर वरून मासा दिसतच नाही आणि झेप घेणारा पक्षी ती जागा सोडतो. मोठ्या पल्ल्यावर पाहिलं तर आग्नेय आशियात मेकाँग नदीवर हा पक्षी जवळजवळ संपला आहे. तिथेही कारणं हीच: धरणांनी बदललेली पाण्याची पातळी, वाळूपट्ट्यांवर माणसांचा वावर, अंडी उचलणं. भारतात तो अजून बऱ्यापैकी पसरलेला आहे, आणि म्हणूनच त्याला वाचवण्याचं मुख्य काम आपल्याकडे आलेलं आहे.

धनेशाकडे वळू. त्याचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर टेकलेलं आहे: पुरेशी जाड, जिवंत, आतून पोकळ झालेली झाडं. धनेशाला ढोली कोरता येत नाही. फांदी मोडते, जखमेत बुरशी शिरते, आतलं लाकूड कुजत जातं, कधी सुतारासारखा पक्षी भोक मोठं करतो, आणि मग कित्येक वर्षांनी धनेशाची मादी आत बसेल एवढी जागा होते. त्यासाठी झाड मुळात तेवढ्या घेराचं असायला हवं. जानेवारी-फेब्रुवारीत मादी आत शिरते आणि विष्ठा वगैरेंनी तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. आत ती उडण्याची पिसं गाळते, म्हणजे बाहेर येऊनही उडता येणार नाही अशी तिची अवस्था होते. अंडी, पिल्लं, सगळं मिळून सुमारे तीन महिने. एवढा सगळा काळ नर एकटा भरवतो. उंबर, नांद्रुक, पायर यांची फळं, जांभूळ, पिशासारख्या झाडांची तेलकट फळं, आणि पिल्लं झाली की सरडे, किडे, विंचूसुद्धा. दिव्या मुदप्पा यांनी १९९० च्या दशकात तमिळनाडूतल्या अन्नामलाई डोंगरांत या पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. तिथून पुढे आलेलं हे चित्र आपल्या सह्याद्रीतही तसंच दिसतं. तो नर विजेच्या तारेला लागला किंवा कोणी मारला, तर जातो तो एकच पक्षी नव्हे. त्या हंगामाचं सगळं घरटं धोक्यात येतं.

जोडी त्याच ढोलीत वर्षानुवर्षं परत येते. म्हणून झाड पडलं की त्या जोडीचा पत्ताच जातो, आणि जवळ दुसरी ढोली नसेल तर त्या वर्षी वीण होत नाही. कदाचित पुढच्या वर्षीही नाही. कायद्याने राखलेल्या भागात याची भीती कमी आहे. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य १९५८ मध्ये झालं, ते राज्यातलं पहिलं. पुढे वाढून आज राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. जांभूळ-अंजनी-पिशाचं ते सदाहरित रान धनेशाला मानवणारं आहे. पण धनेश अभयारण्याची हद्द पाहून उडत नाही. फळांच्या मागे तो रोज मोठा पल्ला मारतो, आणि आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडीच्या पश्चिम कडेला हद्दीबाहेर जी रानं आहेत त्यातली बरीच मालकी आहेत. मालकी रानात घराच्या कामासाठी किंवा पोरीच्या लग्नासाठी ठेकेदाराला झाडं द्यायची ही जुनी चाल आहे. ठेकेदार जाड झाड आधी घेतो. ते पोकळ निघालं तर 'मोडकं' म्हणून जळणात जातं. रान मोकळं झालं की काजू लागतो. दुरून डोंगर हिरवाच दिसतो, उपग्रहाच्या चित्रातही हिरवाच. ढोली तेवढ्या संपतात. बॉक्साइटसाठी सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारं खणली गेली तिथे तर तोही हिरवा रंग गेला.

देवराया उरल्या आहेत, आणि या बाबतीत मला त्या अभयारण्याइतक्याच मोलाच्या वाटतात. गावाने देवाच्या नावाने राखलेल्या दोन-चार एकरांत अशी झाडं सापडतात जी आजूबाजूच्या शंभर एकरांत नाहीत. पण देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिला घाव त्यांच्यावरच पडतो. स्लॅबच्या देवळाला जागा हवी असते, आणि जुनं झाड 'धोकादायक' ठरतं. गावसभेत एखाद्या माणसाने उठून त्या ढोलीत कोण राहतं ते सांगितलं तर गावं ऐकतात, हा माझा अनुभव आहे. सांगणारा माणूस तिथे असावा लागतो.

आता दोघांमधलं एक साम्य, आणि ते मी सर्वांत महत्त्वाचं मानतो. दोघेही दीर्घायुषी पक्षी आहेत. म्हणून 'आमच्याकडे तर नेहमी दिसतो' हे वाक्य दोघांच्याही बाबतीत फसवं आहे. रंकाळ्यावर रोज संध्याकाळी चार सुरय मासे पकडताना दिसतात, दहा वर्षांनीही चार दिसतील, आणि मधल्या दहा वर्षांत त्यांची एकही पिलावळ मोठी झाली नसेल असं अगदी शक्य आहे. रंकाळा ही त्यांची खाण्याची जागा आहे, वीण दुसरीकडे कुठेतरी होते किंवा होत नाही. दाजीपूरच्या रस्त्यावर धनेशाचा आवाज येतो म्हणजे तिथे प्रौढ पक्षी आहेत एवढंच कळतं. ढोल्या कमी झाल्या असतील तर तेच म्हातारे पक्षी ओरडत राहतात आणि एक दिवस थांबतात. आकडा कोसळतो तो शेवटी. त्यामुळे दोघांच्याही बाबतीत मोजायची गोष्ट म्हणजे त्या वर्षी मोठी झालेली पिल्लं.

आता कायद्याबद्दल. लाल यादीला स्वतःचं काही कायदेशीर बळ नाही, ती जगासाठीची इशारा-यादी आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा चालतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या अनुसूची सहावरून चार झाल्या. दोन्ही पक्षी मारणं, पकडणं, अंडी उचलणं, घरटं मोडणं गुन्हा आहे. पण आवर्तनाच्या पाण्याने वाहून गेलेल्या अंड्यांचा गुन्हा कोणावर नोंदवणार? आणि मालकाने परवानगी काढून तोडलेल्या पोकळ झाडाचा? कायद्याची धार इथे पोचत नाही, आणि म्हणून स्थानिक माणसांचं काम उरतं.

तर शाळेने आधी कोणासाठी करावं? कागलच्या शाळेने सुरयापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. तो धनेशापेक्षा जास्त धोक्यात आहे म्हणून नव्हे. त्याचं काम जवळ आहे, हंगाम ठरलेला आहे आणि परिणाम मुलं शाळेत असतानाच दिसू शकतो. चंबळ नदीवर पाणचिरा या पक्ष्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काठच्या गावातल्या लोकांनाच घरट्यांचे राखणदार नेमलं. त्या वाळूपट्ट्यांवर नदी सुरयही वीण करतो, तेव्हा एका राखणीत दोघांचं भलं होतं. आपल्याकडे एवढ्या मोठ्या योजनेची वाट पाहायला नको. पाटबंधारे विभागाच्या शाखा कार्यालयात मार्चमध्ये एक पत्र द्या: आवर्तनाच्या तारखा कळवा, आणि अमुक बेटावर वीण चालू आहे. मासेमारी सोसायटीच्या लोकांशी बोला. बेटांवर काय चाललं आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, आणि मुक्काम पन्नास मीटर सरकवायला ते सहसा नाही म्हणत नाहीत. गुराख्यांनाही सांगा. किनाऱ्यावर मासळीचं टाकाऊ पडलं की कुत्री आणि कावळे जमतात, ते पुरायला सांगा. बेट जोडलं जाण्याच्या जागेवर पाण्याची पट्टी राहावी म्हणून छोटा चर खणता येतो का, हे विभागाला विचारण्यासारखं आहे.

धनेशासाठी मुलांनी करण्यासारखं काम वेगळ्या जातीचं आहे आणि त्याला घाई चालत नाही. अरुणाचलात पाक्के व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला न्यीशी समाजातले लोक गेली दहाहून अधिक वर्षं धनेशांची घरटी राखतात, आणि शहरातली माणसं एकेका घरट्याचा खर्च उचलतात. चंदगड किंवा आजऱ्यात कोणाचं आजोळ असेल तर त्या मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या देवराईतली आणि बांधावरची ढोलीची झाडं लिहून काढावीत: कोणतं झाड, छातीच्या उंचीवर घेर किती, जमीन देवस्थानाची की मालकाची. मालकाला झाड उभं ठेवण्यासाठी काही देता आलं तर द्यावं. फुकट त्यागाची अपेक्षा फार दिवस टिकत नाही. शाळेच्या रोपवाटिकेत उंबर, नांद्रुक, जांभूळ, धूप यांची रोपं करा आणि पश्चिमेकडच्या शाळांना द्या. आज लावलेलं उंबर काही वर्षांत फळ देईल. ढोली द्यायला मात्र त्याला खूप काळ लागेल, म्हणून लावणं हे राखण्याच्या जागी घेऊ नका.

मोजणीची पद्धत सोपी ठेवा. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, भारतात ती १९८७ पासून चालते. तिच्यात भाग घ्या, पण ती हिवाळ्यातली आहे, विणीबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी मेच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, नदी फुगायच्या आत, त्याच जागांवर पुन्हा जा. त्या वर्षीचे सुरय ओळखू येतात: पाठीवर तपकिरी खवल्यांसारखी नक्षी, चोच मळकट पिवळी, शेपटी आखूड. प्रौढ किती आणि असे किती, हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. सुरय दिसलाच नाही तर तसंही लिहा, आणि ई-बर्डवर टाकताना त्या वेळी दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी टाका, कारण घट मोजली जाते ती न दिसण्याच्या नोंदींवरूनच.

बेटावर मुलांना उतरवू नका. किनाऱ्यावरून दुर्बिणीने पाहायचं, शंभर मीटर तरी लांब, सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, आणि पक्षी उठून ओरडायला लागले की मागे फिरायचं. घरट्याची नेमकी जागा, बेटाची असो की ढोलीची, मोबाइलवर कोणाला पाठवायची नाही आणि समाजमाध्यमांवर टाकायची नाही. मी स्वतःही या उत्तरात एकाही घरट्याची जागा दिलेली नाही. तुमच्या नोंदी जूनमध्ये मला दाखवा. त्यात आवर्तन कधी सुटलं आणि मोठा वळीव कधी झाला या तारखाही असू द्या, कारण पिल्लं दिसली नाहीत तर पहिली शोधाशोध त्या तारखांपासून करावी लागते.